गावात सगळ्यांकडेच काकड्या, मग द्यायच्या कुणाला?

पायवाट

मंडळी, प्रश्न हसण्यासारखा आहे, पण मी खरंच वैतागले आहे.

आम्ही खेड्यात राहतो. घरामागच्या मोकळ्या जागेत मी टोमॅटो, काकडी, घेवडा, मिरच्या लावते आणि कुंपणावर भोपळा चढवते. लावणीच्या वेळी रोपं एवढीशी दिसतात, म्हणून रिकाम्या जागेत आणखी दोन-चार खुपसली जातात. भर उन्हाळ्यात मात्र सगळ्यांना एकदम ऊत येतो. सकाळी वेल चाळून काकड्या काढल्या तरी संध्याकाळी पानाआड लपलेली एखादी जाडजूड सापडतेच.

द्यायला माझी ना नाही. पण इथे घरोघरी बाग आहे आणि सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात येतो. परवा शेजारच्या आजींकडे पिशवीभर काकड्या घेऊन गेले. त्यांनी कौतुकाने ठेवून घेतल्या आणि निघताना त्याहून मोठी पिशवी माझ्या हातात दिली. घरी येऊन उघडली, तर काकड्याच. नको म्हणायचं धाडस झालं नाही, त्यांना वाईट वाटलं असतं.

विकण्याइतका माल नाही आणि ती दगदगही नकोय. फेकणं जिवावर येतं, खताच्या खड्ड्यात टाकतानाही हात अडखळतो. मग रोज रात्री ओट्यावर ढीग. मी चिरतेय, उकळतेय, बरण्या धुतेय, आणि जेवायला बसेपर्यंत टोमॅटोचं तोंडही बघावंसं वाटत नाही. हौसेने केलेल्या बागेने मला कामाला जुंपलंय.

तुम्ही काय करता? पाककृती नकोत, त्या पुष्कळ आहेत. हा सुकाळ मजेत कसा खायचा, तेवढं सांगा.

वाफा

डीप फ्रीझर असेल तर निम्मं ओझं उतरतं. घेवडा निवडून ३ मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कोरडा करून ताटात पसरून गोठवायचा आणि नंतरच पिशवीत भरायचा. असं केलं तर गोळा होत नाही, हवा तेवढा मूठभर काढता येतो. उकळत्या पाण्यातून काढायचा कंटाळा करू नका, नाहीतर गोठलेल्या शेंगांचाही रंग आणि चव महिन्या-दोन महिन्यांत उतरते.

टोमॅटोला तेही नको. धुऊन, पुसून, अख्खेच आत टाका. लागतील तेव्हा नळाखाली धरले की साल हातात येते. शिजवायला उत्तम, कच्चे खायला नाही.

काकडी मात्र गोठवू नका. तिच्यात ९५ टक्के पाणी, बाहेर काढली की लिबलिबीत होते.

जुनी_कुदळ

पायवाट, तुला अहो-जाहो करत नाही. माझ्या लेकीच्या वयाची असशील. नसलीस तर समजून घे.

आधी मला सांग, आज काढलेल्या टोमॅटोतला सगळ्यात देखणा कुणाच्या पोटात गेला? बहुतेक तो कुणाच्या तरी पिशवीत गेला. बागवाल्या घरांची ही खोडच आहे. चांगला नग दुसऱ्याला नाहीतर बरणीला, आणि चिरलेला, डागाळलेला, पक्ष्याने टोचलेला आपल्या ताटात. उन्हाळाभर राबायचं आणि वरून उरलंसुरलं खायचं. माझ्या बागेत हे चालत नाही. पाटी भरली की तिच्यातला सगळ्यात चांगला टोमॅटो मी तिथेच वाफ्याच्या कडेला बसून खाते, उन्हाने कोमट असतानाच. मिठाची डबी खिशात असतेच. घरातल्यांना हसायचं तर हसू दे. माझं पोट भरल्यावर मग गावाचा विचार.

तू म्हणतेस सगळं एकदम येतं. येतं खरं, पण त्यातलं बरंच आपण एकदम आणवतो. टोमॅटो वेलावरच लालबुंद व्हायची वाट बघितलीस तर पाऊस पडला की फुटतात, पाखरं येतात, आणि आठवडाभराचा माल एका दिवशी काढावा लागतो. हिरव्यावर गुलाबी झाक धरली की काढ. तिथून पुढे तो घरातही नीट पिकतो. एका थरात, देठाकडची बाजू खाली करून मांड. लवकर हवे ते उबेला, २० ते २५ अंश सेल्सियसच्या आसपास. उशिरा हवेत ते घरातल्या सगळ्यात गार खोलीत, पण १२-१३ अंशांच्या खाली नको. फ्रिजमध्ये कच्चा टोमॅटो ठेवला की पिकायचा थांबतो आणि पिकलेल्याचा वास मरतो. मी तीन ताटं करते: आजचं, या आठवड्याचं, पुढच्या आठवड्याचं. त्यामुळे ओट्यावर ढीग म्हणून होत नाही.

काकडीचं उलट आहे. ती जितकी काढशील तितकी येते. वेलाला बी धरायचं असतं, आपण कोवळी काकडी खुडत राहतो, म्हणून तो बिचारा पुन्हा फुलं धरतो. एखादी नजरेतून सुटून पिवळी झाली की वेल हात आखडता घेतो. घेवड्याचंही तेच, शेंगेत दाणे भरले की नवी फुलं कमी. आता लोक हे सांगतात ते पीक वाढवायला. तू ते उलटं वापर. तुला काकड्या पुरे झाल्यात ना? मग दोन वेलांवर दोन-दोन काकड्या मुद्दाम पिवळ्या होऊ दे. ते वेल सुस्तावतील. उरलेल्यांवरच्या बोटाएवढ्या असतानाच खुड, त्या किती खाल्ल्या हे मोजायचीही गरज पडत नाही. मनगटाएवढी काकडी हा कौतुकाचा विषय नाही, आत सगळ्या बिया.

भोपळ्याची काळजी तू उगाच करतेस. जो भोपळा टिकवायचा असतो त्याला उन्हाळ्यात हात लावायचा नसतो. नखाने साल टोचली जाईना, देठ वाळून लाकडी झाला, की देठासकट काप. देठ मोडला तर तो आधी खाऊन टाक, तिथूनच सडतो. आठ-दहा दिवस उबदार कोरड्या जागी ठेव, साल घट्ट होते, मग गार आणि हवेशीर खोलीत, एकमेकांना न टेकवता. जातीनुसार काही महिने सहज राहतो. ना चिरणं, ना उकळणं. शिवाय तेव्हा बागेत दुसरं काही नसतं, म्हणून त्याला भावही मिळतो. मी पैशाचं म्हणत नाही, ताटातला भाव.

आता देण्याबद्दल. काकडीवाल्याला काकडी देऊ नये हे उघड आहे, तरी आपण सगळे तेच करतो, कारण शेजार जवळ असतो आणि पिशवी जड असते. ज्यांच्याकडे बाग नाही अशी माणसं खेड्यातही असतात, नीट बघावं लागतं. शाळेतली बदलून आलेली बाई. दवाखान्यातली नर्स, जी दिवसा झोपते. टपाल आणणारा माणूस. नवं बाळ असलेलं घर, तिथे बाग असली तरी या वर्षी तिच्याकडे बघायला कुणाला वेळ आहे? आणि ज्यांनी जन्मभर बाग केली पण आता कंबर वाकत नाही, ते म्हातारे. त्यांना देताना जरा बेताने. 'तुमच्यासारखा टोमॅटो नाही आला, चाखून सांगा काय कमी पडलं' असं म्हणून दे. सांगतातही, अर्धा तास सांगतात, आणि त्यातलं निम्मं खरंच कामाचं असतं.

म्हातारीला अख्खा भोपळा नेऊन देऊ नकोस. तो कापणार कोण? एक फोड दे, बिया काढून.

आणि थोडं दे. पाच किलो टोमॅटो म्हणजे घेणाऱ्याच्या घरात आपण आपलं काम नेऊन टाकलं. एका जेवणापुरतं दिलं तर ते त्याच दिवशी खाल्लं जातं. अमेरिकेत ८ ऑगस्ट हा शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी, म्हणजे काकडीसारखा दिसणारा कोवळा भोपळा, ठेवून पळायचा दिवस म्हणून थट्टेत साजरा करतात. म्हणजे जगभर सगळे याच रोगाने पछाडलेत.

तुझ्या आजींच्या पिशवीवर उपाय आहे, पण तो पुढच्या लावणीच्या आधी करायचा. आम्ही तीन घरांनी बी टाकण्याआधी बसून ठरवलं: काकडी एकीकडे, मिरची दुसरीकडे, घेवडा माझ्याकडे. टोमॅटो मात्र सगळ्यांकडे, कारण त्यावर कुणीच माघार घेईना. जाती तरी वेगळ्या लावतो, कुणाकडे झुडपी, ज्या थोड्या दिवसांत सगळा माल देऊन मोकळ्या होतात, कुणाकडे वेलासारख्या वाढणाऱ्या, ज्या थंडी पडेपर्यंत थोडं थोडं देत राहतात. बरण्या भरायच्या असतील त्याने झुडपी लावाव्यात. रोज दोन-चार खायचे असतील त्याने वेली. तू कुठल्या लावल्यास ते बियाण्याच्या पाकिटावर असेल. घेवडा मी एकदम पेरत नाही, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने एकेक ओळ.

राहिल्या बरण्या. तुझ्या कपाटात गेल्या वर्षीच्या किती उरल्यात ते जाऊन बघ. ज्या उघडल्याच गेल्या नाहीत, ते या वर्षी करायचं नाही. एवढा एकच नियम. आमच्याकडे मुरंबा उरतो, टोमॅटोचा आटवलेला रस उरत नाही. म्हणून मी मुरंबा करणं सोडून दिलं, कुणी कितीही फळं आणून दिली तरी. आणि हे काम रात्री एकटीने नाही. एक दिवस ठरवायचा, मोठं पातेलं अंगणात, तिघी-चौघी जणी, ज्याच्या त्याच्या घरचे टोमॅटो एकत्र. एकटीला जे ओझं वाटतं ते चौघींत गप्पा मारता मारता निघतं. पोरं साली उडवतात, कुणीतरी भांडतं, संध्याकाळी बरण्या वाटून घ्यायच्या.

खड्ड्यात टाकायला हात अडखळतो म्हणालीस. का गं? ते परत तुझ्याच मातीत जातं. कुणाकडे कोंबड्या असतील तर आधी तिकडे विचार.

भाड्याची_खोली

वर ज्या शाळेतल्या बाई म्हटल्यात ना, तशीच मी. खेड्यात नोकरीला आहे, वरच्या मजल्यावर खोली, खाली अंगण नाही. बागवाल्यांना ठाऊक नसलेली गोष्ट सांगते. उन्हाळ्यात प्रत्येकाला वाटतं, हिला दुसऱ्या कुणी तरी दिलंच असेल. कुणीच देत नाही. चारी बाजूंना टोमॅटो लगडलेले असतात आणि मी शनिवारी बसने जाऊन विकत आणते.

मागायची लाज वाटते. तुम्ही विचाराल तर फार बरं वाटेल, पण 'काही हवंय का' असं विचारू नका, त्यावर माणूस 'नको नको' म्हणतो. 'काकडी देऊ की घेवडा?' असं विचारा.

आणि एकटीच्या घरी एक काकडी आणि तीन टोमॅटो ही चैन आहे. पिशवीभर म्हणजे सडवल्याची बोच. आमच्याकडचे एक काका मला बोलवतात, 'ये आणि तूच तोड' म्हणतात. मला ते सगळ्यात आवडतं. हवं तेवढंच तोडते, त्यांनाही गप्पांना कुणीतरी मिळतं. येताना परतफेड म्हणून काही नेऊ का, हा प्रश्न मला छळायचा. आता त्यांच्या मोबाइलमधल्या अडचणी सोडवून देते.

पायवाट

जुनी_कुदळ, माझी आईच बोलतेय असं वाटलं. कपाट उघडून बघितलं. काकडीचं लोणचं जसंच्या तसं आहे. या वर्षी बंद.

भाड्याची_खोली, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच इथल्या नर्सताईंना विचारते.

दोन शंका. टोमॅटोच्या बरण्या फ्रिजबाहेर ठेवायच्या तर नुसतं उकळून गरम गरम भरणं पुरतं का? आणि घेवडा तसाच पाण्यात भरता येईल का? शिवाय आजींनी त्यांच्या झुकिनीचं बी दिलंय, पुढच्या वर्षीसाठी. फुकटचं बी म्हणून हरखून गेले होते, पण नवरा म्हणतो कुठलंही बी लावू नये.

जुनी_कुदळ

नवऱ्याचं अर्धं खरं आहे.

आधी बरण्या. घेवडा नुसत्या पाण्यात बरणीबंद करायचा नाही, कितीही उकळला तरी. बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू १०० अंशांवर मरत नाहीत, त्यांना ११६ ते १२१ अंश लागतात आणि तेवढी उष्णता दाबाखालीच मिळते. हवाबंद बरणीत, आंबटपणा नसेल तर ते वाढतात, आणि वासावरून, रंगावरून कळेलच असं नाही. घेवडा वाफा म्हणाले तसा गोठव, नाहीतर ५ टक्के आम्ल असलेल्या व्हिनेगरात घाल.

सीमा आहे पीएच, म्हणजे आंबटपणाच्या मापात, ४.६ ची. त्याच्या खाली, म्हणजे जास्त आंबट असेल तर हा जंतू वाढत नाही. टोमॅटो बरोबर त्या रेषेवर बसलेला असतो, काही जाती अलीकडे, काही पलीकडे, फार पिकला की पलीकडे. म्हणून अर्ध्या लिटरच्या बरणीला एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस घालायचाच, लिटरला दोन. बाटलीतला अशासाठी की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, ताज्या लिंबाचा कमी-जास्त असतो. चव आंबट लागली तर खाताना साखर घाल, रस कमी करू नकोस. आणि गरम भरून झाकण लावणं पुरत नाही. भरलेल्या बरण्या पुन्हा उकळत्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. किती वेळ, ते बरणीच्या मापावर आणि तुझं गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे त्यावर ठरतं, तेव्हा तपासलेला तक्ता बघूनच कर. लसूण तेलात घालून भेट द्यायची हौस असते बऱ्याच जणींना, तेही फ्रिजबाहेर नको. फ्रिजमध्येही चार दिवसांत संपव.

आता बी. आजींच्या टोमॅटोचं बी खुशाल लाव. टोमॅटो बहुधा स्वतःचं स्वतःच फळतं, संकरित जात नसेल तर पोर आईवरच जाते. झुकिनीचं तसं नाही. मधमाशी शेजारच्या वेलावरून पराग आणते, आणि आसपास कुणी शोभेचे रंगीत भोपळे लावले असतील तर ते झुकिनीच्याच जातकुळीतले निघू शकतात. या वर्षीच्या फळात काही दिसणार नाही, ते जसं असायचं तसंच असेल. पण त्यातल्या बियांपासून पुढच्या वर्षी कडू फळ येऊ शकतं. तो कडूपणा कुकुर्बिटासिनचा, आणि तो शिजवून जात नाही. २०१५ साली जर्मनीतल्या हायडेनहाइममध्ये शेजाऱ्याने बागेतली झुकिनी दिली, ती शिजवून खाल्ल्यावर ७९ वर्षांचे गृहस्थ दगावले, पत्नीही आजारी पडली. त्या शेजाऱ्याच्या मनात काय वाईट होतं? काही नाही, तुझ्या-माझ्यासारखीच घरची भाजी दिली.

म्हणून झुकिनी, भोपळा, दुधी यांचं बी विकतचं घे. आणि घरची असो, शेजारची असो, चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघ. कडू लागली तर थुंक, सगळी टाक. वाया जातंय म्हणून मसाला वाढवून रेटायची नाही. दुसऱ्याला देणार असशील तर त्या वेलाचं एक फळ आधी तू चाखलेलं असावं. मी 'सगळ्यात चांगलं आधी आपण खावं' म्हणते त्यामागे हेही आहे.

वाफा

काकडीही उन्हाळ्यात देठाकडे कडू होते, ती याचमुळे का?

जुनी_कुदळ

हो, द्रव्य तेच. कडक ऊन आणि पाण्याची ओढाताण झाली की वाढतं, देठाकडे आणि सालीखाली जास्त. देठाकडचा तुकडा काढून उरलेली चाखायची. गोड असेल तर खा, तरीही कडू असेल तर खड्ड्यात. मुळाशी पाला-गवताचं आच्छादन घालून नियमित पाणी दिलं की पुढच्या काकड्या बऱ्याच सुधारतात. एक दिवस कोरडं आणि एक दिवस पूर असं नको.

पायवाट

नर्सताईंना विचारलं. 'काकडी देऊ की टोमॅटो' असंच विचारलं. त्या म्हणाल्या, टोमॅटो तीन, आणि मिरच्या असतील तर चार. काकडी नको, पोटाला सोसत नाही. निघताना म्हणाल्या, दर गुरुवारी आलात तर चालेल.

आजींना शब्द टाकलाय पुढच्या वर्षीच्या वाटणीचा. त्या काकडी सोडायला तयार नाहीत, मग मीच सोडतेय. मिरच्या माझ्याकडे आल्या. आत्ताच एवढ्या आहेत की चार देऊन काही होत नाही. यांचं काय करू?

जुनी_कुदळ

पातळ सालीच्या असतील तर लाल होऊ दे, देठात सुई घालून दोऱ्यात ओव आणि सावलीत वाऱ्यावर टांग. जाड, मांसल असतील तर अख्ख्या वाळवू नकोस, आतून बुरशी धरते. उभ्या चिरून, पसरून वाळव, मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे. चिरताना हातमोजे घाल, आणि ते हात डोळ्यांना लावू नकोस.